पैसे मुलीचे आहेत, तिच्या आईचे नाहीत

अरे, तुझा मेसेज वाचला. वेगळी राहणारी बायको मुलीला भेटू देत नाही, मग कोर्टाने ठरवलेले मुलीच्या खर्चाचे महिन्याचे पैसे मी का द्यायचे, असं विचारलंयस. राग कळतो रे, पण पैसे थांबवू नकोस. ते तुझ्या बायकोला देतोयस असं वाटतंय ना तुला, पण हक्क मुलीचा आहे. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम 27 याच्याबद्दलच आहे, मुलाच्या राहणीमानाची जबाबदारी आधी आईबापांची, आणि बाप किंवा आई परदेशात असली तरी खर्च वसूल होईल हे सरकारने बघायचं. भेट आणि खर्च हे कोर्ट सहसा वेगळे विषय धरतं. भेट अडवली तर त्याचा वेगळा अर्ज कर, हप्ते वेळेवर गेलेले असतील तर तिथे तुला मान वर करून बोलता येईल.

रक्कम कुठे देणाऱ्याच्या उत्पन्नाच्या टक्केवारीवर ठरते, कुठे दोघांचं उत्पन्न एकत्र धरून वाटे पाडतात, मूल कोणाकडे किती रात्री राहतं तेही बऱ्याच ठिकाणी मोजतात. म्हणून उत्पन्न लपवायच्या भानगडीत पडू नकोस, उघड झालं की तुझ्या बाकी कशावरच कोणी विश्वास ठेवत नाही.

कॅश तर अजिबात देऊ नको, दर महिन्याला बँकेतून पाठव आणि रिमार्कमध्ये "जून, मुलीचा खर्च" असं लिही. मध्येच सायकल घेऊन दिलीस तर छानच, पण ती गिफ्ट झाली, हप्त्यातून सहसा वजा होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोकरी गेली, पगार कमी झाला तर त्याच आठवड्यात रक्कम कमी करायचा अर्ज टाक, कारण बदल बहुतेक ठिकाणी फार तर अर्जाच्या तारखेपासून मिळतो, त्याआधीची थकबाकी तशीच अंगावर राहते आणि मग थेट पगारातून कापली जाऊ शकते. बायको फोनवर "असू दे, नंतर दे" म्हणाली तरी कोर्टाची ऑर्डर तीच राहते हां, लोक इथेच फसतात.

आणि मुलीच्या हातात फीची पावती देऊन "बाबांना सांग" हे तुमच्यात चालू असेल तर आधी बंद करा दोघं. पोरगी पैसे मागताना कानकोंडी होते, तिला वाटतं आपलाच खर्च जास्त आहे. फीचं तुम्ही दोघांनी मेसेजवर बोला.

या महिन्याचा हप्ता राहिलाय म्हणालास, तो आज पाठव. मग ऑर्डरची कॉपी घेऊन ये, भेटीच्या अर्जाचं बघू.