‘राइट टु बेअर आर्म्स’: शस्त्राचा अधिकार की ढालचिन्हाचा मान?

एका इंग्रज घराण्याच्या इतिहासाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ‘राइट टु बेअर आर्म्स’ यासाठी ‘शस्त्र बाळगण्याचा अधिकार’ असे लिहिले. परंतु पुढच्याच वाक्यात सिंह, पट्टे आणि रंग यांचे वर्णन आल्याने अर्थ लागेना, तर येथे कोणता शब्द योजावा?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीत जवळजवळ हेच शब्द आहेत आणि तेथे शस्त्र हाच अर्थ आहे. घराण्यांच्या इतिहासात मात्र ‘आर्म्स’ म्हणजे ढालीवरचे चिन्ह. मध्ययुगीन युरोपात शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला योद्धा ओळखू यावा म्हणून त्याच्या ढालीवर आणि चिलखतावरून घालायच्या अंगरख्यावर ठरावीक रंग व आकृती काढत, आणि त्या अंगरख्यावरूनच ‘कोट ऑफ आर्म्स’ हे नाव पडले. चिन्हे वंशपरंपरागत झाली तसे त्यांच्यावरून तंटेही होऊ लागले. निळ्या ढालीवर सोनेरी तिरपा पट्टा कोणी लावायचा, यावरून स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन इंग्रज सरदारांत १३८५ साली उभा राहिलेला वाद काही वर्षे चालला, त्यात कवी चॉसर यांचीही साक्ष झाली आणि अखेर पट्टा स्क्रोप यांच्याकडे राहिला.

इंग्लंडमध्ये हा अधिकार राजसत्तेच्या वतीने ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ या १४८४ साली सनद मिळालेल्या संस्थेचे अधिकारी देतात, आणि तो ज्याला आहे त्याला ‘आर्मिजर’ म्हणतात. अधिकार आडनावाला मिळत नाही, हे अनुवादकाने पक्के ध्यानात ठेवावे. नाटककार विल्यम शेक्सपिअर यांचे वडील जॉन यांना १५९६ साली सोनेरी ढाल, तिच्यावर काळा तिरपा पट्टा आणि पट्ट्यावर रुपेरी पात्याचा सोनेरी भाला असे चिन्ह मिळाले. त्यावर जॉन यांच्या पुरुषवंशजांचा हक्क होता. परंतु विल्यम यांचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट त्याच वर्षी वारला होता. आज केवळ शेक्सपिअर आडनाव आहे म्हणून कोणालाही ते चिन्ह आपले म्हणता येणार नाही. आडनाव सांगितले की ‘घराण्याचे चिन्ह’ छापून देणारी दुकाने ग्राहकाची सरळ दिशाभूल करतात.

म्हणूनच ‘कुलचिन्ह’ हा प्रचलित शब्द मला येथे अपुरा वाटतो. आपल्याकडे देवक साऱ्या कुळाचे असते, ते कोणा दरबाराकडून मागून घ्यावे लागत नाही, आणि ‘कुलचिन्ह’ म्हटले की वाचकाच्या मनात तीच कल्पना उभी राहते. ‘राजमुद्रा’ म्हणजे शिक्का, तर ‘बोधचिन्ह’ आता संस्था आणि कंपन्यांचे झाले आहे. ‘ढालचिन्ह’ हा शब्द नेमका आहे; शिवाय जुन्या मराठीत ‘ढाल’ म्हणजे फौजेचे मोठे निशाणही असल्याने तो अधिकच शोभतो. उरला ‘अधिकार’. तो चुकीचा नाही, पण पेशवाईत पालखी, अबदागीर, नौबत यांचा जसा ‘मान’ दिला जाई आणि तो मिळाल्यावाचून नुसता पैसा असून भागत नसे, तोच भाव येथे आहे. तेव्हा ‘या गृहस्थांस ढालचिन्हाचा मान होता’ असे लिहावे आणि ‘आर्मिजर’ला ‘ढालचिन्हाचा मानकरी’ म्हणावे.

घराणे स्कॉटिश असेल तर ‘मानकरी’ हा शब्द अनेकवचनी मात्र जपून वापरावा. तेथे मूळ ढालचिन्ह एका वेळी एकाच व्यक्तीचे असते. धाकट्या मुलांना ‘लॉर्ड लायन’ या, तेथील ढालचिन्हांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून, काही फरक केलेले स्वतंत्र चिन्ह १६७२ च्या कायद्याने सुरू झालेल्या नोंदवहीत चढवून घ्यावे लागते.