दाढ काढून घेण्याआधी एवढं वाचा

तुम्ही लिहिलंय की वरच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल होऊन आठ महिने झाले, ठणका जात नाही, आता शेजारची दाढही दुखू लागली आहे. एक्स-रे आणि स्कॅन दोन्ही स्वच्छ. तिसऱ्या डॉक्टरांनी ‘काढून बघू’ म्हणत गुरुवारची वेळ दिली आहे, आणि घरी ‘सगळं मनाचं आहे’ हे ऐकावं लागतंय. काढावी का, असा तुमचा प्रश्न.

गुरुवारी जा. पण दाढ काढू नका, निदान गुरुवारी तरी नाही.

मी याच मार्गाने दोन दाढा गमावल्या आहेत. पहिलीचं रूट कॅनाल झालं, ते उघडून पुन्हा केलं, मग मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली आणि शेवटी दाढच काढली. दर वेळी दोन-तीन आठवडे बरे जायचे, त्यामुळे वाटायचं की आपण बरोबर वाटेवर आहोत. काढल्यानंतर चौथ्या आठवड्यात रिकाम्या हिरडीत तोच ठणका हजर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. मग शेजारची दाढ संशयित ठरली. तिच्यात कीड नव्हती, चीर नव्हती, पण दुखत तिथेच होतं. डॉक्टर तयार नव्हते, मीच गळ घातली. म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी मारायला मी तयार नाही. दुखणाऱ्या माणसाला काहीतरी करून हवं असतं, आणि दाताच्या डॉक्टरांच्या हातात तेव्हा जी हत्यारं असतात ती दातावरच चालतात. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाने स्वतःच सुळीची मागणी केलेली.

हे काही आजकालचं दुखणं नाही. जॉन हंटर नावाच्या शल्यविशारदाने १७७८ साली दातांच्या रोगांवरच्या पुस्तकात जबड्याच्या अशा दुखण्याचं वर्णन केलं आहे: एक दात काढला, दुखणं राहिलं, मग दुसराच दात दोषी असेल असं समजून तो काढला, तरी काही फरक नाही. ते वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी वेडी नाही.

याला आज नावं आहेत. २०२० साली तोंड आणि चेहऱ्याच्या दुखण्यांचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आलं. त्यात रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतं आणि तपासण्यांत काही सापडत नाही, अशा चेहऱ्याच्या दुखण्याला ‘पर्सिस्टंट इडिओपॅथिक फेशियल पेन’ म्हटलं आहे. तेच दाताच्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी असेल तर ‘पर्सिस्टंट इडिओपॅथिक डेंटोअल्व्हिओलर पेन’. जुन्या कागदांवर ‘अटिपिकल ओडोंटॅल्जिया’ किंवा ‘फँटम टूथ पेन’ असंही दिसेल. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे कारण न सापडलेलं. कारण नसलेलं नव्हे. हा फरक घरच्यांना एकदा शांतपणे सांगा. दोनदा सांगायच्या भानगडीत मात्र पडू नका.

आता आत काय होतं ते, मला समजलंय तेवढं. दात, हिरड्या, सायनस, जबड्याचा सांधा, गाल, कपाळ या सगळ्यांची खबर ट्रायजेमिनल नावाच्या एकाच नसेच्या तीन फांद्यांतून मेंदूकडे जाते. वरच्या दाढा आणि गालाच्या हाडामागचं सायनस एकाच फांदीवर आहेत. पुढे ही नस जिथे उतरते तिथे मानेच्या वरच्या भागातल्या नसाही येऊन मिळतात. इतक्या जणांची टपाल एकाच पेटीत पडल्यावर पत्र कुठून आलं हे मेंदूला दर वेळी नीट कळत नाही. त्यात रूट कॅनाल म्हणजे दातातले शेकडो बारीक तंतू तोडणं. बहुतेकांत ती जखम गुपचूप भरते. काहींच्या बाबतीत मात्र आतल्या पेशी शांतच होत नाहीत. त्यांचा उंबरठा खाली येतो, मग साधा स्पर्श, वारा, शेजारच्या दाढेवरचा दाबही वेदना म्हणून पोचतो. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा रूट कॅनालनंतर सहा महिन्यांनीही दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या दातात दोष नव्हता. शेजारची दाढ दुखू लागली याचा अर्थ तीही किडली असा नाही. आणि इथे आणखी एक दाढ काढणं म्हणजे त्याच नसेला आणखी एक जखम.

पण थांबा. ‘नसेचं दुखणं’ हा शिक्काही घाईने मारून घेऊ नका. आधी खरी कारणं एकेक करून बाद व्हायला हवीत, आणि तीही योग्य माणसाकडून. दाताला चीर असेल तर ती साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. चावून सोडताना कळ येते का ते बघा. वरच्या मागच्या सगळ्या दाढा एकदम दुखत असतील आणि खाली वाकल्यावर वाढत असेल तर सायनस. दात आवळल्यावर गालावर जो स्नायू हाताला टणक लागतो, तो दाबल्यावर नेमकी तीच ‘दाढ’ दुखली, तर दुखणं स्नायूचं आहे, दाढेचं नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. माझी ती चौथ्या वर्षी झाली.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघू नका. चेहऱ्याचा भाग बधिर पडणं, तोंड उघडणं दिवसेंदिवस कमी होणं, सूज किंवा ताप, तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, कारण नसताना वजन घटणं. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, हे हृदयाचं असू शकतं. आणि वय पन्नाशीपुढचं असेल, चावताना जबडा भरून येत असेल, कानशील हुळहुळं झालं असेल, नजर अंधुक होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या सुजेत उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट नेमकी करा, आणि इथे आपली भाषा कामाला येते. ‘खूप दुखतं’ यातून त्यांना काहीच हाती लागत नाही. सणक, ठणका, ठसठस, चमक, शिणवटा, चुरचुर, आग, बोचणी, हुळहुळ, दडपण: मराठीत प्रत्येक दुखण्याला वेगळा शब्द आहे आणि प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. विजेचा झटका बसल्यासारखी सणक, जास्तीत जास्त दोन मिनिटं, तोंड धुताना किंवा दात घासताना सुरू होणारी आणि मधल्या वेळात बहुधा पूर्ण शांत, ही ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे त्याच नसेचा वेगळा आजार, असू शकते. तिची औषधं वेगळी (पहिलं नाव सहसा कार्बामाझेपिनचं येतं), तिच्यासाठी एमआरआय करतात, गरज पडली तर शस्त्रक्रियाही होते. नाडीच्या ठेक्यावर ठसठसणारं, गरम लागल्यावर उसळणारं, झोपेतून उठवणारं दुखणं खरोखर दाताचं असण्याची शक्यता मोठी. आमच्यासारख्यांचं दुखणं बहुतेकदा खोल, बोथट, दिवसभर मागे लागलेलं, नेमकं बोट ठेवता न येणारं. त्यावर मधूनमधून आग किंवा बोचणी. गंमत म्हणजे बऱ्याच जणांना गाढ झोप लागली की ते झोपेत उठवत नाही. तुमचं कसं आहे ते दोन आठवडे लिहून काढा: शब्द, वेळ, कशाने वाढलं. मात्र दोनच आठवडे. मी तीन वर्षं रोज दहापैकी आकडा लिहीत होते आणि त्या वहीने माझं दुखणं सांभाळून मोठं केलं असं आता वाटतं.

भूल देऊन केलेली चाचणीही मागून घ्या. त्या दाढेपाशी भूल दिल्यावर दुखणं पूर्ण थांबलं तर उगम तिथे असण्याची शक्यता वाढते. अर्धवट थांबलं किंवा हललंच नाही, तर दाढ काढून काय मिळणार हे तिथेच विचारता येतं. ही चाचणी शंभर टक्के निकाल देत नाही. पण न परत येणाऱ्या गोष्टीपेक्षा काही तासांत उतरणारी भूल बरी.

उपचार. दाताच्या डॉक्टरांनी दात निर्दोष म्हटला की पुढचा माणूस न्यूरोलॉजिस्ट, पेन क्लिनिक किंवा ओरोफेशियल पेन (तोंड-चेहऱ्याची दुखणी) शिकलेला दंतवैद्य. औषध म्हणून बहुधा अमिट्रिप्टिलिन किंवा नॉर्ट्रिप्टिलिन रात्री अगदी थोड्या मात्रेत, बऱ्याचदा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात; काहींना ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन. चिठ्ठीवर नैराश्याचं औषध दिसलं म्हणून चिडू नका. मी चिडले होते, गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि एक वर्ष वाया घालवलं. ही औषधं वेदनेची वाट अडवतात, आणि त्यासाठीची मात्रा सहसा नैराश्याच्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते. फरक कळायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात नुसती गुंगीच कळते. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार, लघवीला अडथळा असेल तर आधी सांगा. तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. म्हणजे दातासाठी घेतलेल्या औषधाने दात जायचे. फ्लोराइडची पेस्ट आणि जवळ पाणी, एवढं पाळा. दुखणं एका छोट्या जागी असेल तर भूल देणारं जेल हिरडीवर लावूनही काहींना बरं वाटतं.

यातून किती फरक पडेल? मला विचाराल तर निम्मा. आधी हे ऐकून मी रडले असते. पण सातवरून साडेतीनवर येणं म्हणजे काय हे साडेतीनवर आल्यावर कळतं. साडेतीनवर माणूस दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू शकतो.

साध्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल एकच. या दुखण्यावर त्या फारशा चालत नाहीत, म्हणून आपण जास्त घेतो. महिन्यातले पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त घेत राहिलं तर डोकेदुखीची प्रवृत्ती असलेल्यांना गोळ्यांचीच डोकेदुखी जडू शकते, आणि पोट, मूत्रपिंड वेगळेच.

आता रोजचं जगणं, कारण ते डॉक्टर सांगत नाहीत. जिभेने ती जागा चाचपणं थांबवा. मी दिवसातून शंभरदा चाचपत असे, दुखतंय का अजून हे बघायला, आणि दुखतच असे. हे सुटायला मला चार महिने लागले. दुसरं, दात टेकवून ठेवू नका. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल: ही जबड्याची विश्रांतीची जागा. वरचे-खालचे दात एकमेकांना लागायची गरज फक्त चावताना आणि गिळताना. दुखणारा माणूस मात्र दिवसभर नकळत आवळून बसतो, मग स्नायू थकतो आणि मूळ दुखण्यात स्वतःची भर घालतो. मी फोनवर दर तासाची आठवण लावली होती. आज ती लागत नाही.

माझं काम बोलण्याचं आहे, आणि बोलून बोलून संध्याकाळी गाल पेटायचा. चांगल्या दिवशी सगळं उरकून घ्यायचं आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, असं माझं चाले. आता चांगला दिवस असला तरी ठरल्यापेक्षा जास्त बोलत नाही, आणि वाईट दिवस असला तरी ठरलेलं बोलते. हे मला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी शिकवलं. त्यांच्याकडे जाताना मला वाटलं होतं की गेले म्हणजे ‘मनाचंच आहे’ हे मान्य केलं. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘दुखणं खरंच आहे, ते आपण मोजतच नाही. दुखण्याने तुमच्याकडून काय काय काढून घेतलं ते मोजू.’ यादी दोन पानं झाली. बरीचशी मी स्वतःच देऊन टाकली होती.

झोप सांभाळा. अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी माझा आकडा हमखास वर जातो, बाकी काहीही केलं तरी.

आणि शोध कुठे थांबवायचा ते आधीच ठरवा. मी सात वर्षांत अकरा जणांना दाखवलं, दर नव्या माणसाकडे नवी आशा आणि नवं स्कॅन. आता एकच डॉक्टर आहेत, वर्षातून दोनदा जाते, आणि दुखण्याचा स्वभाव बदलला तरच मधे जाते. रोजच्यासारखंच दुखत असेल, कितीही का असेना, तर नवी तपासणी नाही.

तर गुरुवार. एका कागदावर लिहून न्या: कोणत्या तारखेला काय केलं, त्यानंतर किती दिवस बरं वाटलं, कोणते शब्द लागू पडतात. मग चार प्रश्न. या दाढेत काढण्याजोगा दोष दिसतोय का, की फक्त दुखतंय म्हणून काढायची? स्नायू दाबून बघाल का? भूल देऊन बघाल का? दोष नसेल तर पुढे पाठवण्याची चिठ्ठी द्याल का? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आलं आणि स्कॅनवर बोट ठेवून दाखवलं, तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि त्यांचं ऐका. आणि रूट कॅनाल झालेल्या दाढेवर कॅप बसवायची राहिली असेल, जी दुखतंय म्हणून बहुतेक जण पुढे ढकलतात, तर तेही विचारून घ्या. नाहीतर या गडबडीत निर्दोष दाढ एखादा कडक घास चावताना तुटायची.