घोडीच्या नाकपुडीत तळाला गोल छिद्र दिसतं, ती जखम असते का?

तुम्ही लिहिलंय की माळेगावच्या यात्रेत एक घोडी पसंत पडली, पण नाकपुडी फाकवून बघितली तर आत तळाला एक गोल छिद्र दिसलं. दलाल म्हणतो ते जन्माचंच आहे, घरचे म्हणतात जखम आहे, घेऊ नका. मी नांदेड जिल्ह्यातच जनावरांचा डॉक्टर आहे. या बाबतीत दलालाचं खरं आहे.

ते आसवांच्या नळीचं तोंड. डोळा ओला ठेवण्यासाठी पाणी सतत तयार होत असतं आणि त्याला बाहेर जायला वाट लागते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असतं. तिथून पाणी आत ओढलं जातं आणि हाडातून गेलेल्या नळीने नाकात उतरतं. घोड्याचं तोंड लांब, त्यामुळे ही नळी साधारण 25 ते 30 सेंटीमीटर भरते आणि नाकपुडीच्या अगदी पुढच्या भागात उघडते. काळसर कातडी संपून गुलाबी अस्तर सुरू होतं, त्या सीमेवर बघा. गाढवात मात्र ते तळाला नसून नाकपुडीच्या बाहेरच्या पाळीला आतून असतं. गाय-बैलात ते आतल्या घडीमागे दडलेलं असतं, म्हणून देवणी बैल जन्मभर सांभाळलेल्या माणसानेही ते पाहिलेलं नसतं.

निरोगी छिद्राची कड गुळगुळीत असते, रक्त नाही, खपली नाही, आणि दोन्ही नाकपुड्यांत ते जवळपास एकाच जागी असतं. कधी एका बाजूला दोन छिद्रंही सापडतात. त्यातून पाण्याचा स्वच्छ थेंब आला तर चांगलंच, वाट मोकळी आहे.

पण घरच्यांची भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. घोड्या-गाढवांना ग्लँडर्स नावाचा जिवाणूंचा रोग होतो, त्यात नाकाच्या आत खरोखर व्रण पडतात. त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असतात, चिकट पिवळट शेंबूड येतो, जबड्याखाली गाठी लागतात, आणि व्रण भरला की मागे चांदणीसारखा वण राहतो. हा रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. असं काही दिसलं तर त्या जनावराला हात लावू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासता येतो. बाजारातून घोडं घरी आणण्याआधी ही तपासणी झाली आहे का, हे विचाराच. भोवरे आणि देवमण, म्हणजे अंगावरच्या केसांच्या वळणांच्या शुभ-अशुभ खुणा, बघण्यात लोक अर्धा दिवस घालवतात, पण हे कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि एक कळकळीची विनंती. त्या छिद्रात काडी घालून बघू नका, हळद-तेल सोडू नका. आतलं अस्तर नाजूक असतं. ते दुखावलं की सूज येते, वाट बंद होते आणि पाणी डोळ्यातून गालावर वाहू लागतं. नळी तुंबलीच असेल तर आम्ही नाकाच्या बाजूने मऊ नळी घालून सलाईनने ती धुतो. वाट मोकळी आहे की नाही हे बघायला डोळ्यात हिरवा रंग टाकतो, तो काही मिनिटांत नाकपुडीत उतरतो. एखाद्या शिंगराला हे नाकातलं तोंड जन्मतःच नसतं. त्याचा एक डोळा महिनोन् महिने चिकट पाण्याने भरलेला राहतो, मालक डोळ्यात थेंब टाकत बसतो आणि दोष असतो खाली नाकात. छोट्या शस्त्रक्रियेने ते उघडता येतं.

आपल्यातही हीच रचना आहे. आरशात खालची पापणी नाकाजवळ जरा ओढून बघा, जेमतेम 0.3 मिलिमीटरचं टिंब दिसेल. रडताना नाक वाहतं ते यामुळेच. डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशात उतरते, तीही याच वाटेने. थेंब टाकल्यावर मिनिट-दोन मिनिटं डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरा, औषध डोळ्यातच राहतं. तान्ह्या बाळाचा एक डोळा सारखा पाणावत असेल तर बहुतेकदा या नळीच्या खालच्या टोकाचा पडदा उघडलेला नसतो. बालरोगतज्ज्ञ मालिश शिकवतात आणि बहुतेक बाळांचं वर्षाच्या आत बरं होतं. तिथे काजळ मात्र भरू नका.

तर घोडीकडे परत जा आणि यावेळी नाकपुडीबरोबर डोळेही बघा. डोळ्याखालचे केस ओले किंवा झडलेले नसतील, शेंबूड नसेल, जबड्याखाली गाठ नसेल आणि रक्ततपासणीचा कागद हातात असेल, तर त्या छिद्रापायी सौदा मोडू नका.