‘ख्रिस्त’ हे आडनाव का?

प्रश्न असा आला आहे : “मुलीच्या पुस्तकात ‘येशू ख्रिस्त’ असं वाचून तिनं विचारलं, ख्रिस्त हे येशूचं आडनाव का? मी हो म्हणून मोकळी झाले, पण मनातली शंका जाईना. शिवाय ‘ख्रिस्ती’ लिहावं की ‘ख्रिश्चन’? आणि आमच्याकडे एक जण म्हणतात, ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द ‘कैलासवासी’वरून ओढूनताणून केलेला आहे. खरं आहे का?”

लेकीला सांगा, आडनाव नाही, ती उपाधी आहे. पण एवढ्यावर थांबू नका. या एका शब्दाचा माग काढला की ख्रिस्ती धर्माची पहिली ऐंशी-नव्वद वर्षं डोळ्यांपुढे येतात.

त्या काळी येशूच्या गालिल प्रांतात आडनावंच नव्हती. माणूस ओळखला जायचा बापाच्या नावानं किंवा गावावरून. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘नासरेथकर येशू’ अशी शब्दयोजना आहे. आपल्या ‘कर’नं तिथं किती सहज जागा घेतली आहे बघा! आडनाव म्हणायचंच तर तेच म्हणावं लागेल. आणि गावाचं नाव जोडण्याची गरजही होती, कारण ‘येशू’ हे तेव्हा अगदी घरोघरचं नाव. मूळ हिब्रू ‘येहोशुआ’, म्हणजे ‘यहोवा तारण करतो’. बोलण्यात त्याचं झालं ‘येशुआ’. मोशेनंतर इस्राएली लोकांचा पुढारी झाला तो यहोशवा आणि हा येशू यांचं नाव मुळात एकच. मराठीत आपण दोन रूपं ठेवली म्हणून ते ध्यानात येत नाही. ग्रीकमध्ये दोघंही ‘येसूस’. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या कथेच्या, काही जुन्या हस्तलिखितांत तर येशूऐवजी सुटका झालेल्या बरब्बा या कैद्याचं नावही ‘येशू बरब्बा’ असं आहे. तो पाठ धरला तर रोमी सुभेदार पिलाताचा लोकांना प्रश्न असा होतो : तुमच्यासाठी कोणता येशू सोडू, बरब्बा की ज्याला ख्रिस्त म्हणतात तो? ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात तो’ ही शब्दयोजना बारकाईनं वाचा. ख्रिस्त हे त्याचं नाव नव्हतं, लोक त्याला तसं म्हणत होते.

म्हणजे काय म्हणत होते? हिब्रू शब्द ‘माशिआख’. धातूचा अर्थ चोळणं, माखणं, तेल लावणं. राजा गादीवर बसवायचा तर त्याच्या डोक्यावर तेल ओतायची रीत होती. शमुवेल या संदेष्ट्यानं शौल राजाच्या डोक्यावर कुपीतलं तेल ओतलं, पुढे दावीदाला शिंगातल्या तेलानं माखलं. याजकांनाही असंच तेल लागे. तेलानं माखलेला, म्हणून देवानं नेमलेला, तो माशिआख. यशयाच्या ग्रंथात तर पारशी सम्राट कोरेशालाही हाच शब्द लावला आहे, कारण त्यानं बाबेलच्या बंदिवासातून यहुद्यांना सोडवलं. म्हणजे शब्द मुळात कुणा एकट्याचा नव्हता. राज्य बुडालं, परकी सत्ता आल्या आणि गेल्या, तसतसा त्याला ‘येणार आहे तो’ असा अर्थ चिकटत गेला.

मराठीत याला ‘अभिषिक्त’ म्हणतात. शब्द चांगला रुळला आहे, त्याला माझी हरकत नाही. पण त्यातला धातू ‘सिच्’, म्हणजे शिंपडणं. पिंडीवर पाणी, दूध, पंचामृत पडतं तो आपला अभिषेक. तेलाशी त्याचा संबंध नाही. धातूला धातू लावायचा तर आपल्याकडे त्याहून जवळचा शब्द पडून आहे. दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून आई टाळूवर तेल थापते आणि जिरवते, ते अभ्यंग. ‘अभि’ अधिक ‘अञ्ज्’, माखणं. डोळ्यांतलं अंजन याच धातूचं. तेव्हा माशिआख म्हणजे अक्षरशः ‘अभ्यक्त’, अभ्यंग झालेला. हा शब्द आता वापरात आणा असं मी म्हणत नाही. पण लेकीला अर्थ समजावताना दिवाळीचं ते तेल आठवून द्या, तिला तो लगेच कळेल.

हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर येशूच्या बरंच आधी, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत झालं. भाषांतरकारांनी माशिआखसाठी ग्रीक धातू घेतला ‘ख्रिओ’, अर्थ तोच, माखणं. त्यावरून ‘ख्रिस्तोस’. योहानाच्या शुभवर्तमानात अंद्रिया आपल्या भावाला सांगतो, आम्हाला मसीहा सापडला आहे. आणि लेखक लगेच खुलासा करतो, मसीहा म्हणजे ख्रिस्त. मसीहा हे माशिआखचं अरामी रूप; वाचणाऱ्यांना आता तो अरामी शब्द कळत नाही, अर्थ फोडून सांगावा लागतो. गालिलातली गोष्ट ग्रीक बोलणाऱ्या शहरांत पोचली आहे, हे या एका खुलाशावरून दिसतं.

तेव्हा ‘येशू ख्रिस्त’ हे दोन शब्द मुळात अख्खं वाक्य आहे : येशू हाच तो अभिषिक्त. आणि ते वाक्य त्या काळच्या यहुदी कानाला भयंकर होतं. अभिषिक्तानं राज्य करायचं असतं. हा तर रोमी सुळावर मेला. पौल हा आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक ग्रीसमधल्या करिंथकरांना लिहितो की क्रुसावर खिळलेला ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. आज आपण ही दोन नावं सवयीनं म्हणून टाकतो, म्हणून त्यांच्यातला हा ताण जाणवत नाही.

पौलाची पत्रं हे नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातलं, सर्वांत जुनं लिखाण, साधारण इ.स. ५० पासून पुढचं. त्यांत तो ‘येशू ख्रिस्त’ही लिहितो आणि ‘ख्रिस्त येशू’ही. आडनाव असं मागेपुढे होत नाही, उपाधी होते. पण त्याच पत्रांत नुसतं ‘ख्रिस्त’ असंही वारंवार येतं, अगदी नावासारखं. आपल्याकडे ‘लोकमान्य मंडालेहून परतले’ म्हटलं की कोण, असं कुणी विचारत नाही. लोकमान्य हे टिळकांचं नावही नव्हे, आडनावही नव्हे; पण उपाधी माणसाला इतकी घट्ट चिकटली की तीच नाव झाली. सिद्धार्थाचं ‘बुद्ध’ही तसंच. ख्रिस्ताच्या बाबतीत हा बदल पंचवीसेक वर्षांतच झालेला दिसतो.

ज्यांना यहुदी परंपरेची काहीच ओळख नव्हती, त्यांची मात्र पंचाईत झाली. साध्या ग्रीकमध्ये ‘ख्रिस्तोस’ म्हणजे अंगाला चोपडायचा लेप वगैरे. ते माणसाचं नाव कसं असेल? मात्र त्याच्यासारखाच ऐकू येणारा ‘ख्रेस्तोस’ हा शब्द ओळखीचा होता. अर्थ ‘चांगला, उपयोगी’, आणि गुलामांना हे नाव सर्रास ठेवत. मग ऐकणाऱ्यांनी तेच ऐकलं. सुएतोनियस हा रोमी चरित्रकार लिहितो की ‘ख्रेस्तुस’च्या चिथावणीवरून सतत गडबड करणाऱ्या यहुद्यांना क्लौद्य बादशहानं रोममधून घालवलं. ही हकालपट्टी बहुधा इ.स. ४९ ची, आणि हा ख्रेस्तुस म्हणजे ख्रिस्तच असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तिच्यामुळे रोम सोडलेलं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं पौलाला करिंथात भेटलं.

याहून बोलका पुरावा फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात आहे. इ.स. ६४ च्या रोमच्या आगीचं खापर नीरोनं ज्यांच्यावर फोडलं, त्यांच्याविषयी टॅसिटस या इतिहासकारानं लिहिलं आहे. त्या भागाचं अकराव्या शतकातलं हस्तलिखित तिथं जपून ठेवलं आहे. त्यात आज ‘ख्रिस्तियानोस’ असं वाचता येतं, पण अतिनील प्रकाशात पाहिलं की कळतं, तिथं आधी ‘ख्रेस्तियानोस’ होतं. कुणीतरी एका अक्षराचा ‘ए’ खरवडून ‘इ’ केला आहे. रस्त्यावरचा उच्चार आणि धर्माचा उच्चार यांतला फरक एका अक्षराच्या खाडाखोडीत शिल्लक राहिला!

आता दुसरा प्रश्न, ‘ख्रिस्ती’. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात स्पष्ट सांगितलं आहे. हे शहर सूरिया (सीरिया) प्रांताची राजधानी, रोम आणि आलेक्सांद्रिया यांच्या खालोखाल मोठं. आज ते तुर्कस्तानात आहे, अंताक्या नावानं. २०२३ च्या भूकंपात ते फार उद्ध्वस्त झालं. नाव तिथंच का मिळालं? कुप्र (सायप्रस) आणि उत्तर आफ्रिकेतलं कुरेने इथून आलेल्या काही जणांनी तिथं यहुदी नसलेल्यांनाही येशूची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती. यरुशलेमेत शेजाऱ्यांच्या लेखी हे लोक यहुद्यांतलाच एक पंथ होते. अंत्युखियात यहुदी आणि ग्रीक एका पंगतीला बसू लागले, तेव्हा जुनं कुठलंच नाव त्यांना पुरेना.

शब्दाची घडणही पाहा. ‘ख्रिस्तियानोस’मधला ‘इयानोस’ हा प्रत्यय लॅटिन ‘इयानुस’वरून आलेला, कुणा बड्या माणसाच्या गोटातल्यांना लावायचा. पाँपेची माणसं ती ‘पाँपेइयानी’, हेरोदाचे लोक ते ‘हेरोदियानोई’. उत्तर पेशवाईत पेंढाऱ्यांना शिंदेशाही आणि होळकरशाही म्हणत, तसलाच हा मामला : तुम्ही कुणाचे? म्हणजे हिब्रू कल्पना, ग्रीक शब्द आणि लॅटिन शेपूट. नाव ठेवलं बाहेरच्यांनी, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही. आतले लोक स्वतःला शिष्य, भाऊ, पवित्र जन म्हणवत आणि आपल्या वाटचालीला नुसतं ‘मार्ग’ म्हणत. अख्ख्या नव्या करारात ‘ख्रिस्ती’ हा शब्द तीनदाच येतो. त्यातला एक अग्रिप्पा राजाच्या तोंडी आहे, म्हणजे बाहेरच्याच. तिसरा पेत्राच्या पहिल्या पत्रात : ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका. लाज वाटू नये असं सांगावं लागतं, तेव्हा नाव अजून शिवीसारखंच वापरलं जात असणार. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी बादशहा त्रायानला पत्र लिहून विचारतो की शिक्षा नुसत्या या नावाबद्दल द्यायची की नावाशी जोडलेल्या गुन्ह्यांबद्दल. त्याच पत्रात त्यानं लिहिलं आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या अंधारात जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं स्तोत्र म्हणतात. जवळपास त्याच काळात अंत्युखियाचा बिशप इग्नाती हेच नाव आपल्या पत्रांत अभिमानानं मिरवत होता.

आपल्या देशात या नावाची सगळी रूपं वेगवेगळ्या वाटांनी आली. केरळातले जुने ख्रिस्ती ‘नस्राणी’, नासरेथवरून. पौलावर खटला भरणाऱ्या वकिलानं ‘नासोरी पंथाचा पुढारी’ म्हटलं होतं, तोच हा शब्द. हिंदीतला ‘मसीही’ अरबीतून आलेल्या माशिआखचा, ‘ईसाई’ हा येशूच्या ‘ईसा’ या अरबी नावाचा. गोव्यात पोर्तुगीजांमुळे ‘क्रिस्त’ आणि ‘किरिस्तांव’ आले; फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या मराठी पुराणाच्या नावात म्हणूनच ‘क्रिस्त’ आहे. ‘ख्रिस्त’ हे रूप इंग्रजी ‘क्राइस्ट’पेक्षा कितीतरी मुळाजवळचं आहे. इकार तिथला, आणि ‘ख’ही : जुन्या ग्रीकमधलं ते अक्षर आपल्या ‘ख’सारखंच महाप्राण होतं. ‘ख्रिश्चन’ इंग्रजीतून आला, पण येताना ‘स’चा ‘श’ करून, आपल्या ‘निश्चल’सारखा. बोलताना ‘ख्रिश्चन’ म्हणण्यात काहीच चूक नाही. लिहिताना मात्र मी ‘ख्रिस्ती’च लिहिते. ‘रामदासी’सारखी ही मराठी घडण आहे, विशेषण आणि नाम दोन्ही होते, आणि मराठी ख्रिस्ती समाजाचा स्वतःचा शब्द आहे. आणि आपण पत्रिकेवर, पावतीवर ‘इ.स.’ लिहितो त्यातला ‘इसवी’ही ‘ईसा’चाच. त्यामुळे ‘इसवी सनापूर्वी’ आणि ‘ख्रिस्तपूर्व’ यांचा अर्थ एकच. पहिल्यात त्याचं नाव आहे, दुसऱ्यात उपाधी.

राहिला ‘ख्रिस्तवासी’. घरातल्या त्यांना सांगा की ‘वासी’ची धाटणी कैलासवासीची आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ओढाताण अजिबात नाही. माझ्या शेजारच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या घरच्यांनी छापलेल्या चिठ्ठीवर तो शब्द मी पहिल्यांदा वाचला, आणि मलाही तेव्हा तो उसना वाटला होता. पुढे पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र वाचलं. बहुधा त्याच्या उपलब्ध पत्रांत सर्वांत जुनं हेच. तिथल्या मंडळीत काही जण वारले होते, मागे राहिलेल्यांना त्यांची काळजी लागली होती. पौल त्यांना धीर देताना मेलेल्यांना ‘ख्रिस्तात मेलेले’ म्हणतो. ‘ख्रिस्तात’ ही त्याची अगदी लाडकी सप्तमी. जणू ख्रिस्त हे राहण्याचं ठिकाण असावं, अशा तऱ्हेनं तो ती पत्रापत्रांतून वापरतो. कैलासात राहायला गेलेल्याला मराठी ‘कैलासवासी’ म्हणते. ख्रिस्तात राहायला गेलेल्या आजींना ती दुसरं काय म्हणणार?