उलटून बघ

सप्रेम आशीर्वाद.

रोज चित्रं बघणं, वाचणं, हातानं काहीबाही करणं चालू आहे, पण नवं काही सापडत नाही, असं तू लिहिलं आहेस. तुझी नजर कमी पडते असं मला मुळीच वाटत नाही. ती दर्शनी बाजूवर थांबते, एवढंच. करणाऱ्यानं जी बाजू दाखवायची म्हणून सजवली तेवढीच आपण बघतो आणि वस्तू खाली ठेवतो.

जुनं भरतकाम हाती आलं तर आधी उलटं कर. धागा कुठे सुरू झाला, कुठे संपला, एका पाकळीवरून दुसरीवर तसाच ओढला की तोडून पुन्हा घेतला, सगळं मागे दिसतं. रंगही मागेच खरे राहतात, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो. सुलट बाजूचा फिकट गुलाबी मागे गडद लाल निघाला, की ते फूल मुळात कसं होतं ते कळतं.

पुस्तकांपाशी मी जरा रेंगाळणार आहे, माझा जीव त्यात आहे. पुस्तक मिटून वरच्या कडेकडून बघ. पाठीशी छोटे छोटे गठ्ठे दिसले तर ते फर्मे. एक मोठा कागद तीनदा दुमडला की १६ पृष्ठांचा फर्मा होतो. त्याच्या मधल्या घडीत शिवणीचा दोरा सापडेल. गठ्ठे न दिसता नुसती कापलेली सपाट कड दिसली, तर पानं बहुधा फक्त डिंकानं धरलेली आहेत.

माझी पहिली वही मी फार मन लावून बांधली होती. दाबाखालून काढली, दोन दिवसांनी पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला. खळ चुकली असं धरून मी तीनदा नवी खळ केली. चूक खळीची नव्हतीच. यंत्रावर कागद बनताना लगदा एका दिशेनं वाहतो आणि बहुतेक तंतू त्याच दिशेला झोपतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून कागद तंतूंच्या आडवा पसरतो. मी पुठ्ठ्याचे तंतू उभे आणि वर चिकटवलेल्या कागदाचे आडवे ठेवले होते, दोघं आपापल्या दिशेनं ओढत होते. त्या दिवसापासून कुठलाही कागद मी आधी फाडून बघते. तंतूंच्या दिशेनं तो सरळ फाटतो, आडवा फाडला की दातेरी. हे पुस्तकात वाचूनही कळलं असतं, पण बोटांत उतरलं नसतं.

चित्रांचंही तसंच. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट 1831च्या सुमाराची. तिचा निळा बघताना हा रंग आला कुठून, असं विचार. तो प्रशियन निळा, 1706च्या सुमारास बर्लिनमध्ये लाल रंग करायला घेतला असताना चुकून तयार झाला, असं सांगतात. शिवाय ते चित्र लाकडी ठशांचं आहे: रेखाटणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. रंगागणिक कागद पुन्हा ठशावर ठेवायचा आणि तो जरासुद्धा सरकू द्यायचा नाही. त्यासाठी ठशाच्या कडेला खाच कोरलेली असते. हे कळल्यावर माझं लक्ष लाटेइतकंच कडांवर जाऊ लागलं.

वाचनाबद्दल एकच सांगते. आवडलेला परिच्छेद हातानं उतरवून काढ. लेखकानं वाक्य कुठे तोडलं ते हात थांबतो तिथेच कळतं.

एक लहान वही कर, स्वतः शिवून. रोज एकच नोंद: आज काय उलटून बघितलं आणि मागे काय निघालं. काही निघालं नाही तर तसं लिही, तारीख मात्र घाल.

पुढच्या पत्रात एकाच कागदाचे दोन तुकडे पाठव, एक उभा फाडलेला, एक आडवा. कोणता कुठला ते लिहू नकोस, मी ओळखते.