फ्रेम काढतानाच टाइट घ्यावी की मोकळी घेऊन नंतर क्रॉप करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे, हातात २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स (१८ वर जास्त भाग मावतो, ५५ वर चित्र जवळ येतं). एक मित्र म्हणतो, टाइट घे, म्हणजे माणसाने फ्रेम भरून टाक, फोटोत दम येतो. दुसरा म्हणतो, भोवती जागा सोडून मोकळं घे, क्रॉप काय, कडा नंतर कधीही कापता येतात. कोणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं ऐका, पण त्याचं ‘नंतर कधीही’ निम्मंच खरं आहे. मी कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढते, त्यामुळे हा वाद आमच्याकडे रोजचाच. फ्रेम लावताना आपण दोन गोष्टी ठरवत असतो: उभं कुठे राहायचं आणि चित्राची कड कुठे कापायची. कड नंतर आत सरकवता येते. उभं राहायची जागा शटर दाबलं की ठरली, मग कितीही क्रॉप करा.

चेहऱ्यावर करून बघा. झूम १८ वर ठेवून कोणाच्या तोंडाजवळ गेलात की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. चार पावलं मागे सरून तोच चेहरा ५५ वर घेतलात की नाकडोळे जागच्या जागी. लोक म्हणतात लेन्सचा फरक, पण तो असतो अंतराचा. त्या मागच्या जागेवरून १८ वर घेऊन नंतर क्रॉप केलं तरी चेहरा ५५ सारखाच दिसेल. मग ५५ हवं कशाला, तर पिक्सेलसाठी. तुमचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा. १८ वरून ५५ इतकं आत यायचं तर दोन्ही बाजू जवळजवळ एक तृतीयांश होतात, म्हणजे क्षेत्रफळ नवव्या हिश्श्यावर येतं आणि हातात उरतात अडीच मेगापिक्सेल. ४ बाय ६ ची प्रिंट छान निघेल, अल्बमच्या पूर्ण पानावर मात्र तो फोटो पसरवता येणार नाही. शिवाय हॉलच्या कमी उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० च्या आसपास गेलेली असते. तिथला नॉइज (फोटोतले दाणे), जरासा हललेला हात, किंचित हुकलेला फोकस, सगळं क्रॉपबरोबर मोठं होतं.

आता दुसरं टोक बघा. ५५ ची फ्रेम मनात आहे आणि तुम्ही ४५ वर घेतली. नंतर ५५ इतकी क्रॉप केली तरी १६ मेगापिक्सेल उरतात. फरक कोणाला दिसणारही नाही. तुमच्या दुसऱ्या मित्राच्या सल्ल्यातला कामाचा भाग एवढाच: मनात आहे त्यापेक्षा थोडंसं मोकळं घ्या, दुप्पट-तिप्पट नाही.

हा थोडासा मोकळेपणा लग्नात का लागतो, ते अंतरपाटापाशी कळतं. मंगलाष्टकं चालू असताना कोणी फारसं हलत नाही, तेव्हा हवं तेवढं टाइट घ्या: नवरीची खाली गेलेली नजर, हातातला हार, मागे उभा मामा. पण ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ कानावर पडलं की झूम मागे घ्यायचा. पुढच्या काही सेकंदांत अंतरपाट बाजूला होतो, चारी बाजूंनी अक्षता पडतात, हार घालायला हात वर जातात, कोपरं बाहेर येतात, आणि नवऱ्याच्या मित्रांना जोर चढला तर ते त्याला उचलूनच घेतात. टाइट फ्रेममध्ये यातलं निम्मं बाहेर राहतं. वर उडालेल्या अक्षता, नवरीने टाचा उचलून पुढे केलेला हार आणि तिच्यामागे हसणारी करवली एका फोटोत हवी असेल तर डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना जागा सोडावीच लागते. कापलेलं कोपर कुठलंही सॉफ्टवेअर खरंखुरं परत आणत नाही. हल्ली एआय भरून देतं म्हणे, पण मावसभावाच्या लग्नात दुसऱ्याच कुणाचा हात कशाला?

टाइट फ्रेमबद्दल एक नियम तुम्ही वाचला असेल: अगदी जवळच्या चेहऱ्यात कपाळ कापलं तरी चालतं, हनुवटी कापू नये. एरवी ठीक आहे. आपल्या नवरीला तो लागू होत नाही. कपाळ कापलं की मुंडावळ्या गेल्या, चंद्रकोर गेली, आणि उरलेला फोटो कोणत्याही समारंभातला वाटतो. मुंडावळ्यांच्या गालांवरून खाली लोंबणाऱ्या सरी पूर्ण येतील एवढी जागा ठेवूनच टाइट व्हा. तसंच मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कड आणू नका, दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर आणा. नऊवारी असेल तर मांडीच्या मध्यावर कापा नाहीतर पायांसकट पूर्ण घ्या. पोटरीवर कापलं तर खालचा काठ जातो, आणि नवरीची मावशी पहिल्यांदा तोच शोधते.

छपाईचा हिशेब नवीन माणसाच्या डोक्यात सहसा नसतो. कॅमेऱ्याचा फोटो ३:२ या प्रमाणाचा. ८ बाय १२ इंच त्यात बरोबर बसतो. पण घरी भिंतीवर लावायला जी तयार फ्रेम मिळते ती बरेचदा ८ बाय १०, म्हणजे लांबीचा सहावा भाग कापला जाणार. आठ जणांचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत ठासून घेतला असेल तर दोन्ही टोकांच्या काकांचे खांदे गेले. अल्बमच्या १२ बाय ३६ च्या शीटवर फोटो आडवा पसरला की मधोमध घडी येते. मोकळा फोटो असला की डिझायनर तो सरकवून जोडप्याला घडीपासून वाचवू शकतो. टाइट असला की घडी बरोबर नवऱ्याच्या नाकावर. आणि स्टेटसला ९:१६ उभा हवा असेल तर आडव्या फोटोची जेमतेम ३७ टक्के रुंदी कामी येते, त्यामुळे तसले फोटो कॅमेरा उभा धरूनच काढा.

तिरकेपणा हाही क्रॉपच असतो. गर्दीत कॅमेरा तीन अंश कलला आणि मांडवाचा खांब नंतर सरळ केला, की प्रमाण तेच ठेवून लांबी आणि रुंदी दोन्ही साधारण सात टक्क्यांनी कमी होतात. हा टॅक्स भरायला पैसे खिशात हवेत, म्हणून कडेला श्वास ठेवायचा. जुन्या स्वस्त डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, तर फ्रेमचा सुमारे ९५ टक्केच भाग दाखवतो, म्हणजे थोडी जागा कॅमेरा आपणहून देतो. आरशाशिवायच्या कॅमेऱ्यात तीही सवलत नाही.

क्रॉप म्हणजे फसवणूक, असं सांगणारेही भेटतील. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसों क्रॉपच्या विरोधात होते, तरी १९३२ चा पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो त्यांनी क्रॉप केला, कारण तो कुंपणाच्या फटीतून काढलेला होता. क्यूबाचे फोटोग्राफर आल्बेर्तो कोर्दांनी ५ मार्च १९६० ला हवानात काढलेला क्रांतिकारक चे गेव्हारांचा फोटो मुळात आडवा आहे, एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसरीकडे झाडाची पानं. ते कापल्यावर जे उरलं ते जगभर टी-शर्टवर गेलं. माझ्या आवडीचं उदाहरण मात्र अमेरिकन फोटोग्राफर आर्नल्ड न्यूमन यांचं. १९४६ मध्ये त्यांनी संगीतकार स्त्राविन्स्कींचा फोटो काढला आणि मूळ फ्रेमचा बराच भाग छाटला. छाटून माणूस मोठा केला असेल असं वाटतं ना? उलट, चित्रभर पियानोचं काळं झाकण आणि स्त्राविन्स्की खाली एका कोपऱ्यात. क्रॉप करूनही फोटो मोकळा राहू शकतो. आपल्याकडे क्रॉप म्हटलं की लगेच माणसाच्या तोंडावर येतात, ती सवय काही चांगली नाही.

तुमच्या पुरतं बोलायचं तर लग्नात ठरवलेला फोटोग्राफर असणारच. विधीच्या वेळी त्याच्या पुढ्यात जाऊन टाइट फ्रेम शोधू नका, तो बिचारा आधीच भटजी आणि व्हिडिओवाला यांच्यामध्ये चेपलेला असतो. मंडपाच्या बाजूला, पायरीवर वगैरे उभे राहा, ३५ ते ४५ च्या दरम्यान घ्या. हळद, मेंदी, आदल्या संध्याकाळची तयारी इथे वेळ भरपूर असतो आणि कोणी अडवत नाही. तिथे ५५ लावून जवळ जा आणि जागेवरच टाइट काढा: हळदीने माखलेले हात, बांगड्या चढवताना आवळलेले ओठ. यात क्रॉपवर काही ठेवू नका. आणि पाठवणीला दोन्ही काढा, आधी मोकळा, मग टाइट, कारण मुलगी आईच्या गळ्यात पडल्यावर बाप कुठे तोंड फिरवून उभा असेल ते आधी सांगता येत नाही.

क्रॉप केलेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. सहा महिन्यांनी कोणीतरी त्याच फोटोची ८ बाय १० मागतं.