गाठी दिसल्या, अपेंडिक्स दिसलं नाही

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. दोन महिने झाले, मधूनच बेंबीजवळ दुखतंय म्हणतो आणि अर्ध्या तासात खेळायला पळतो. ताप नाही, वजन वाढतंय. सोनोग्राफीत 'आतड्याजवळ गाठी, सर्वांत मोठी ६ मिमी रुंद. अपेंडिक्स दिसले नाही' असं आलं. सासूबाईंनी टीबीची धास्ती घेतलीय. सीटी स्कॅन करावा का?
– एक आई, कळंबा, कोल्हापूर

उत्तर : ताई, ताप नाही आणि वजन वाढतंय हे वाचून मला बराच धीर आला. एवढ्यावर सीटी नको. त्यात क्ष-किरण लागतात; सोनोग्राफीत फक्त ध्वनिलहरी असतात.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना? आतड्याजवळच्या गाठींचंही तसंच आहे. सर्दी-ताप, जुलाब होऊन गेले की त्या फुगतात. ठणठणीत मुलांच्या पोटातही मला त्या रोज दिसतात. ८ मिमी रुंदीपर्यंत आम्ही सहसा त्यांना आजार मानत नाही. टीबीच्या गाठी बहुधा एकमेकींना चिकटतात, आतून सडल्यासारख्या दिसतात, पोटात पाणी साठू शकतं, आणि मूल वाळत जातं. सासूबाईंची काळजी खोटी नाही, टीबी आपल्याकडे आहेच; पण तुम्ही लिहिलंय त्यात त्याची खूण नाही. शौचाला रोज साफ होते का, ते मात्र बघा. बेंबीजवळच्या दुखण्यात कुंथणारी मुलं मला फार भेटतात.

आता अपेंडिक्स, म्हणजे मोठ्या आतड्याला चिकटलेली छोटी नळी. आतड्यातली हवा ध्वनिलहरी अडवते. म्हणून प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र, हळूहळू दाबत हवा बाजूला सारावी लागते. ही रीत १९८६ मध्ये नेदरलँड्सच्या डॉ. पायलार्ट यांनी मांडली. दाबूनही न चपटणारी, ६ मिमीहून जाड नळी दिसली की सुजेचा संशय पक्का होत जातो. 'दिसले नाही' याचा अर्थ 'चांगलं आहे' असा नाही, 'बिघडलंय' असाही नाही.

गडहिंग्लजकडची एक ९ वर्षांची मुलगी मी विसरत नाही. संध्याकाळी मला अपेंडिक्स सापडलं नाही, मी तसं लिहिलं, आणि घरच्यांनी 'काही नाही' असं समजून तिला नेलं. पहाटे ती परत आली. दुखणं बेंबीवरून उजवीकडे खाली उतरलं होतं, नळी ९ मिमी. ऑपरेशन वेळेत झालं. पण चूक माझी होती, मी समजावून सांगितलं नव्हतं. आता तसा रिपोर्ट दिला की आई-वडिलांना समोर बसवते आणि सांगते : दुखणं वाढलं, जागा बदलली, तर रात्री दोनलाही निघा.

हिरवी उलटी, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारं दुखणं, उडी मारताना पोट धरणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. आणि मुलगा आहे म्हणून आणखी एक. वृषणाला पीळ पडला तरी मुलं लाजेपोटी 'पोट दुखतंय' एवढंच म्हणतात. चड्डी काढून बघा. एक बाजू सुजलेली, वर ओढलेली वाटली, हात लावू देत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, तडक कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा. हातात सहा-एक तासच असतात.